पिठाचे हात

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि पहिला वास आला तो तेलाचा. म्हशीच्या अंगाला चोळलेलं गोडं तेल, त्यात ओलं शेण आणि वर फटाक्यांचा धूर. पाडव्याची सकाळ होती. शुक्रवार पेठेत आता गोठे फारसे उरलेले नाहीत, तरी चार-दोन घरांनी हट्टाने म्हशी ठेवल्या आहेत, आणि पाडव्याला त्या अशा नटतात की नवरीने बाजूला व्हावं. शिंगांना रंग, टोकांना मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत चाळ. एक गवळी म्हशीच्या पाठीवरचे केस वस्तऱ्याने भादरून त्यात तिचं नाव काढत होता आणि म्हैस रवंथ करत उभी होती. मी पिशवी छातीशी धरून भिंतीच्या कडेने पुढे सरकले. अडतीस वर्षांत, इथे राहत होते तेव्हाही, पाडव्याच्या दिवशी मी या गल्लीत पाय ठेवला नव्हता.

मी येते ती भाऊबीजेला. तोवर म्हशींची मिरवणूक होऊन गेलेली असते. आईला साडी देते, संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते, दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरते. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. यंदा आईने फोनवर सांगितलं, पाडव्यालाच ये. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला तिला काही सांगायचं होतं, आणि ते आणखी एक वर्ष पुढे ढकलावं अशी तिची तब्येत आता राहिलेली नव्हती.

मी कथा लिहिते. निवडक कथांचं एक पुस्तक निघायचं आहे आणि त्याची मुद्रितं महिनाभर माझ्या टेबलावर पडून आहेत. अकरा कथा मी एका बैठकीत वाचल्या आणि माझी मलाच भीती वाटली. एकीत बाजारात एक बाई कुणाला तरी हाक मारते आणि भलताच माणूस रस्ता ओलांडून येतो. दुसरीत म्हातारा बांधावरून बायकोला बोलावतो. तिसरीत फाटकाशी उभी राहून आई मुलाला परत फिरवते, विसरलेला डबा द्यायला. गावं वेगळी, माणसं वेगळी, पण प्रत्येक कथेत कुणीतरी बोलावतं, आणि बोलावल्यामुळे कुणाचं तरी वाटोळं होतं. माझ्या कथांत मोठं वैविध्य आहे, असं लोक म्हणतात. डोंबलाचं वैविध्य. मी आयुष्यभर एकच दुपार लिहीत आले आहे, नुसती तिची लुगडी बदलून.

आमचा गोठा होता तिथे आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या पायरीखाली जुन्या फरशीचा एक तुकडा तेवढा राहिला आहे, म्हशींच्या खुरांनी झिजून मधोमध खोलगट झालेला. त्याच्यावर मी एकदा पाय ठेवला आणि काढून घेतला.

सहा म्हशी होत्या. पहाटे चारला गोठ्यात हालचाल सुरू व्हायची. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खाकरणं. बादलीच्या कडीचा आवाज. मग रिकाम्या भांड्यात पडणारी पहिली धार, करकर वाजणारी, आणि भांडं भरत जाईल तसा तिचा आवाज जाड होत जायचा. मी अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून ओळखायची, भांडं किती भरलं ते. सात वाजता आबा दोन म्हशी घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर जायचे. तिथे गिऱ्हाइकाच्या समोर म्हैस पिळायची आणि फेसाळ दुधाचा पेला तसाच त्याच्या हातात द्यायचा. तालमीतले पैलवान ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन उभे असायचे. आमच्या घराला, कपड्यांना, माझ्या वह्यांनासुद्धा म्हशीचा वास होता. शाळेतल्या मुली नाक मुरडायच्या. आज त्या वासासाठी मी काहीही देईन असं लिहायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते खोटं आहे. आज तो वास आला की मी रस्ता बदलते.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो घरात असला की घर भरलेलं वाटायचं, इतका आवाज करायचा तो. चंद्री त्याची. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून चंद्री. रेडकू होती तेव्हापासून त्याने तिला हाकेवर वळवली होती. आमच्याकडे ही एक विद्याच आहे. पाडव्याला मालकाने हाक द्यायची, मोटरसायकल भरधाव सोडायची, आणि एवढ्या गर्दीत, ताशात, फटाक्यांत म्हशीने फक्त त्या आवाजामागे धावत सुटायचं. दोरी नाही, काठी नाही. नुसती हाक. ज्याची म्हैस अशी पळते, तो वर्षभर गल्लीत मान वर करून चालतो.

दादाची हाक लांबलचक होती. "येऽऽ हो चंद्रे, येऽऽ हो", आणि शेवटी टाळूला जीभ लावून एक टक्. हाक दिली की चंद्री जिथे असेल तिथून यायची आणि त्याच्या मुठीतली भिजवलेली सरकीची पेंड खायची. मी मागे लागून लागून ती हाक शिकले. टक् जमायला महिना गेला. ज्या दिवशी चंद्री माझ्या हाकेला आली, त्या दिवशी दादाने मला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवलं, आणि मग खाली उतरवून एक नियम सांगितला.

"मुठीत पेंड असल्याबिगर हाक मारायची न्हाय. जनावराला एकदा का फसवलं, की त्ये पुन्ना येत न्हाय."

मी तो नियम कधीच मोडला नाही. त्या दुपारीसुद्धा माझ्या मुठीत पेंड होती.

पंचगंगेचं पाणी आमच्या पेठेत नदीकडून येत नाही, गटारातून वर येतं. श्रावण होता, मी दहा वर्षांची होते. सकाळी मोरीत बुडबुडे दिसले, दुपारी उंबरठा बुडाला. आबा आणि दादा सहाही म्हशी घेऊन नाल्यापलीकडच्या शाळेच्या पटांगणावर गेले, ते उंचावर होतं म्हणून. आई आणि मी माडीवर राहिलो, पोती, भांडी, ट्रंका यांच्याबरोबर. दोन दिवस पाणी चढत होतं. ओल्या गोणपाटाचा वास, रॉकेलचा वास, कुजत चाललेल्या वैरणीचा वास. खालून कुणाचीतरी चप्पल तरंगत जायची, एखादं केरसुणीचं बूड, एकदा एक अख्खा पाळणा. जिन्याच्या किती पायऱ्या उरल्या, ते मी दर थोड्या वेळाने मोजायची. पीठ भिजलं होतं, चूल पेटत नव्हती. आम्ही चुरमुरे आणि गूळ खात होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. आई दोन रात्री जागी होती. जोंधळ्याच्या पोत्याला टेकून बसली आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. तोंड किंचित उघडं, हातात माझ्या फ्रॉकचं टोक धरलेलं. मी ते हळूच सोडवलं. खिडकीत गेले. पाण्यापलीकडे पटांगणावर म्हशी दिसत होत्या, आणि त्यांतली चंद्री मी टिळ्यावरून ओळखली. तिच्या शेजारी दादा भिंतीला टेकून बसला होता. मला दोघांची आठवण येत होती. दुसरं काहीही कारण नव्हतं. वर आणून ठेवलेल्या पेंडीच्या पोत्यातून मी मूठ भरून घेतली आणि हाक मारली.

पाण्याचा एवढा घोंगावता आवाज होता की माणसाच्या कानापर्यंत ती जाणं शक्यच नव्हतं. म्हशीच्या कानापर्यंत गेली. चंद्रीने मान वर केली आणि सरळ पाण्यात उतरली.

नंतर पटांगणावरच्या लोकांनी सांगितलं की म्हैस एकाएकी उधळली. दादा बसल्या जागी पेंगत होता आणि तिचं दावं त्याने मनगटाला वेढून घेतलं होतं. दावं मनगटाला वेढू नये हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण चंद्री त्याची होती, ती ओढणार नाही याची त्याला खात्री होती. मला खिडकीतून एवढंच दिसलं की चंद्रीचं डोकं पाण्यावरून येतंय आणि मागे काहीतरी पांढरं आहे, दादाच्या बनियनसारखं. मला वाटलं, दादापण पोहत येतोय. मी आनंदाने उड्या मारल्या. नाल्याची ओढ लागली तिथे चंद्री थोडी वाहवली, मग सावरली. पांढरं मागे दिसेनासं झालं.

ती जिन्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. अंगावरून पाणी निथळत होतं आणि दाव्याचं टोक मोकळं होतं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली उतरले आणि तिला पेंड दिली. तिची खरखरीत जीभ माझ्या तळव्यावरून फिरली, एकदा, दोनदा, पेंड संपल्यावरही. त्यानंतर आई उठली.

दादा दोन दिवसांनी सापडला, पाणी ओसरल्यावर. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

म्हशीची जातच तशी, पाणी दिसलं की जाणारच, असं आबा सगळ्यांना सांगत राहिले. मला कुणी काही विचारलं नाही. त्या पुरानंतर चंद्रीने दूध आवरून धरलं. आबा तिच्या आचळाशी कपाळ टेकून तासतास बसायचे. पाडव्याच्या आधी त्यांनी ती कागलच्या एका गवळ्याला दिली, आणि मग एकेक करत सगळ्याच. टेम्पोत चढवताना चंद्री माझ्याकडे बघत होती. मी मूठ उघडून दाखवली, रिकामी. आईने पुढे कित्येक वर्षं चंद्रीला शिव्याशाप दिले. भांडी घासताना, दळण निवडताना, मध्येच हात थांबवून. तिचे वाईट वाईट शब्द ऐकत मी शेजारी बसून अभ्यास करायची. ते शब्द कुणाला लागू आहेत, हे मला एकटीला माहीत होतं. पुढे मी शिकायला म्हणून पुण्याला गेले ती तिकडचीच झाले. आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. ते सोडून मी 'आले, गेले' म्हणू लागले. पुढे कधीतरी आईने चंद्रीला शिव्या देणं बंद केलं. मला वाटलं, वय झालं.

माझी पहिली गाजलेली कथा एका दिवाळी अंकात आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. तिच्यात पूर आहे, माडी आहे, म्हैस आहे. हाक मारणारी मुलगीही आहे. पण लिहिता लिहिता मी भ्याले. ती दुपार जशीच्या तशी कागदावर आली, तेव्हा मी एक आई आणली. भाकरी थापणारी. पिठाच्या हातांनी ती खिडकीशी येते आणि मुलीला म्हणते, मार गं हाक, बघू येते का. पिठाचे हात मला फार आवडले होते. एका समीक्षकाने तर त्या हातांवर परिच्छेदभर लिहिलं. आणि कथेच्या शेवटी ती आई मुलीला जवळ घेऊन एक वाक्य बोलते. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठीच मी कथा लिहिली होती. अंक आईला मी दाखवला नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली, माझं लिहिणं तिच्यापर्यंत कशाला पोहोचतंय, असं मी धरून चालले.

आई खिडकीशी कॉटवर बसली होती. जुनी माडी पाडून स्लॅबचं घर झालं, पण खिडकी त्याच बाजूला राहिली. तिने करंज्यांचं ताट पुढ्यात घेतलं होतं आणि त्यावर फडकं झाकलं होतं. मी पाया पडले, बसले, पाणी प्याले. खाली कुणीतरी सायलेन्सर काढलेली मोटरसायकल सुरू केली. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे मला कळत होतं.

मी म्हणाले, "आई, त्या दिवशी चंद्रीला हाक मी मारली होती."

अडतीस वर्षं मी या वाक्याची तयारी करत होते. आई रडेल, मला मारेल, निदान तोंड फिरवेल, असं मी धरलं होतं. तिने फडक्याची घडी सारखी केली.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "मीच सांगिटलंतं न्हवं का तुला."

मला वाटलं, तिने नीट ऐकलं नाही. पण ती शांतपणे पुढे बोलत होती, खिडकीबाहेर बघत. "भाकरी थापत हुतो मी. हात पिठाचं हुतं माजं. तू खिडकीत हुबी. मी म्हटलं, मार गं हाक, बगू येती का. आन् तू मारलीस. त्येच सांगाय बोलावलं तुला. माजं आता किती ऱ्हायलं? पोराला मी खाल्लं. चंद्रीला उगंच शिव्या घातल्या इतकी वर्सं."

पिठाचे हात.

त्या दिवशी घरात कोरडं पीठ नव्हतं, हे मी तिला सांगितलं. चूल पेटली नव्हती, आपण चुरमुरे खाल्ले, ते तिला आठवलं नाही. मग मी म्हणाले की तू झोपली होतीस, जोंधळ्याच्या पोत्याला टेकून, तुझ्या हातातून मी फ्रॉक सोडवून घेतला. तेव्हा मात्र ती माझ्याकडे वळली. इतका वेळ जो चेहरा शांत होता, तो पहिल्यांदा दुखावलेला दिसला.

"दारात पाणी, लेक बाहीर, आन् मी झोपीन व्हय? कसली आई म्हणायची मग मी?"

तिला त्या तासाचं काहीच आठवत असणं शक्य नव्हतं; ती झोपेत होती. इतकी वर्षं तो तास तिच्याजवळ रिकामाच होता. तो मी भरून दिला होता.

ती कष्टाने उठली, कॉटखालची ट्रंक ओढली आणि साड्यांच्या तळातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत तो अंक. शेजारच्या मास्तरणीबाईंनी त्याच वर्षी आणून दिला होता, म्हणाली. महिनाभर लागला वाचायला, ओळीखाली बोट धरून. माझ्या कथेची पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती. मी म्हणाले, आई, हे मी रचलेलं आहे. कथेत रचावं लागतं. हे खरं नव्हे.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी लहानपणी ताप अंगावर काढून शाळेला निघाले की पाहायची तसं.

"तू खोटं कशापायी लिवशील? ते बी माज्याबद्दल?"

मी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. माझा आवाज चढला, खालच्या ताशात बुडून गेला. एकोणीस वर्षं. मी पुण्यात सत्काराच्या शाली घेत होते तेव्हा ही बाई इथे एकटी बसून, मी न केलेल्या तिच्या गुन्ह्याची नव्हे, तिने न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होती. बघा, आज लिहितानाही माझा गोंधळ उडतो, कुणाचा काय गुन्हा ते. मी रडायला लागले. गेल्या कित्येक वर्षांत मी तिच्यासमोर रडले नव्हते.

आईने अंक पुन्हा पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. खाली कुणाची तरी लांबलचक हाक उठली, मोटरसायकल गर्जत सुटली आणि तिच्यामागे चाळ वाजवत म्हैस धावली. गल्ली शिट्ट्यांनी दणाणली. आई ते सगळं पुढे जाईपर्यंत थांबली.

"तुजं काय न्हाय चुकलं," ती म्हणाली. "तू ल्हान हुतीस. मी सांगिटलं म्हणून हाक मारलीस."

कथेतल्या आईचं शेवटचं वाक्य हेच आहे. मी ते शुद्ध भाषेत लिहिलं होतं, तिने आपल्या बोलीत म्हटलं, एवढाच फरक. दहा वर्षांची असल्यापासून मला हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

मी आणखी एकदा नाही म्हणायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं मी. पण तिने ताटावरचं फडकं बाजूला केलं आणि एक करंजी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती खाल्ली.